मामा, तुझा शेवटचा घाणा

मामा, शी!

कुणी गेल्यावर लिहायला घेतात तेव्हा सुरुवात अशी करत नाहीत, माहितीय मला. पण काल तुझ्या खोलीचं दार उघडलं आणि माझ्या तोंडातून पहिला शब्द हाच निघाला. एसी बंद, पंखा बंद, खिडक्यांना आतून कड्या. आणि त्या कोंडलेल्या हवेत चिंचेचं आंबट पाणी, पितळ, मशीनचं तेल आणि तुझा घाम असं सगळं एकत्र मुरलेलं. मी ओढणी नाकाला लावून तशीच उभी राहिले. मी दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघणारी बाई. मस्कतमधल्या कुरुमच्या दातांच्या दवाखान्यात किडलेल्या दाढांचे वास घेते आणि लगेच बाजूला जाऊन डबा खाते. पण तुझी खोली! शी, मामा.

आणि मग त्याच ओढणीत तोंड खुपसून रडले. तुझ्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा, मुलगा खलफान मागे उभा होता. त्याला वाटलं वासानं चक्कर आली, पळत जाऊन पाणी घेऊन आला बिचारा.

आता तुझ्या सूरहून, म्हणजे ओमानच्या या टोकाहून, मस्कतला जाणाऱ्या बसमध्ये बसलेय आणि फोनवर टाइप करतेय. चुका झाल्या तर झाल्या. अंगठे थांबत नाहीयेत. हे लिहून झालं की मी सगळ्यांना पाठवणार आहे. आईला, आणि आपल्या मंडळाच्या ग्रुपवर पण. ग्रुपवर तर आधी. कारण तिथे जे चाललंय ते बघून मला ओकारी येते.

तू गेल्याचं कळलं तसा पहिला मेसेज आला एका चित्राचा. समई, गुलाबाचं फूल, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली आधीच्या कुणाचं तरी नाव पांढऱ्या पट्टीनं झाकलेलं, तेही नीट नाही, शेवटचा काना बाहेर लोंबतोय. मग हात जोडलेल्यांची रांग. मग कुणीतरी विचारलं, 'स्फोट झाला म्हणे?' मग दुसरा, 'घरी काडतुसं भरायचे ना ते, म्हणजे नक्की कसली कामं होती?' आणि त्याच्या खाली लगेच कुत्र्याच्या नाचाचा व्हिडिओ. त्याच्यावर हसणारेही तेच, आधी हात जोडलेले.

मग पोटे काकांचा फोन. मंडळाचा गणपती बसवतात ते. आवाज एकदम मऊ.

"ऋतुजा, खरं काय ते मला सांग. मी कुणाला बोलणार नाही."

"काका, हार्ट अटॅक."

"हो गं, ते कळलं. पण त्या खोलीत होतं काय काय?"

"हार्ट अटॅक होता, काका."

"नाही, म्हणजे पोलीस आले असतील ना?"

आले होते, काका. वाचताय ना? आले, अर्बाबचा परवाना बघितला, कुलूपबंद कपाट बघितलं, अर्बाबच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. झालं समाधान? खलास?

आता सांगतेच सगळ्यांना तू काय करायचास ते. तू फौजेत आर्मोरर होतास, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा हवालदार. रिटायर झालास, लग्न केलं नव्हतंस, शेती भावाला देऊन टाकली होतीस, आणि सूरच्या एका म्हाताऱ्या अर्बाबला त्याच्या आजोबांच्या रायफलीची निगा राखणारा माणूस हवा होता. एवढीच तुझी परदेशगमनाची कथा. ती रायफल इतकी जुनी की तिची काडतुसं बाजारात मिळतच नाहीत. म्हणून एकदा उडवलेल्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, आणि घरी परत भरायच्या. आपल्याकडे सोड्याच्या बाटल्या परत भरतात ना, तसं. नवी टोपी बसवायची, म्हणजे जिच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडते ती, मग काळी दारू, मग गोळी. आणि थंडीत अर्बाब आणि त्याचे ते दाढीवाले दोस्त गावाबाहेरच्या कोरड्या नदीच्या पात्रात दगडावर ठेवलेला डबा टिपायचे आणि लहान पोरांसारखे भांडायचे. बस. एवढ्यासाठी. डब्यासाठी!

आणि त्या डब्यासाठी तुझी ती पूजा! मी पहिल्यांदा सूरला आले तेव्हा मला वाटलं मामाला वेड लागलंय.

सकाळी चहा, मग अंघोळ, मग धुतलेली बनियन. फोन बंद नाही करायचास, खोलीबाहेर स्वयंपाकाच्या ओट्यावर तांदळाचा डबा होता, त्यात तांदळात पुरायचास. का, तर वाजला तरी ऐकू येऊ नये. मग टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं. मग टेबलावर जे जे नको ते उचलायचं, चष्म्याचं घर सुद्धा. मग पंखा बंद, एसी बंद, कारण वाऱ्यानं तुझा सोनाराचा काटा हलतो. सूरमध्ये! जिथे सकाळीच नळाला चहाचं पाणी येतं, तिथे हा माणूस एसी बंद करून बसणार, आणि घामाचा थेंब दारूत पडू नये म्हणून डोक्याला टॉवेल, गळ्यात टॉवेल. बाहेर आलास की तो टॉवेल पिळायचास तू. पिळायचास, मामा! माझ्यासमोर! शी शी शी.

आणि सगळ्यात शेवटी दाराच्या कडीला बाहेरून ते लाल फडकं. फौजेत रेंजवर गोळीबार चालू असला की लाल झेंडा लावतात, त्याचं हे घरगुती रूप. लाल फडकं लागलं की घरातलं कुणी, म्हणजे कुणीही, दार वाजवायचं नाही. अर्बाबची नातवंडं सायकली उलट्या दिशेला वळवायची. मोलकरीण झाडू ठेवून द्यायची. कारण कुणी वाजवलंच तर तू ओरडायचा नाहीस, त्याहून वाईट करायचास. तू सगळं मोडायचास. जेवढा घाणा लावला असेल तेवढा. भरलेली, झाकलेली, पूर्ण झालेली काडतुसं सुद्धा परत उघडायची, दारू परत डब्यात, आणि उद्या पहिल्यापासून.

घाणा हा तुझाच शब्द. शंकरपाळ्यांचा असतो तसा.

"मामा, जी पूर्ण झालीत ती तरी ठेव की," मी म्हणाले होते.

"न्हाई."

"अरे, ती तर दार वाजायच्या आधी झाली ना?"

"रुते, दार वाजल्यालं तुला ऐकू आलं. पर माझं मन दाराकडं कवा गेलं, ते कुणाला ठावं? पाऊल वाजलं तवाच गेलं आसंल. लक्ष उडाल्यालं ज्याचं उडतं त्याला कळत न्हाई गं बाई. म्हणून समदा घाणा मोडायचा. ह्यात दोन मनं चालत न्हाईत."

एकदा अर्बाब दाराबाहेर नुसता खोकला तर तू घाणा मोडलास. बिचारा अर्बाब त्यानंतर अंगणात खोकला आला की लांब खजुराच्या झाडाखाली जायचा खोकायला. स्वतःच्या घरात! अजान चालायची तुला, ती रोजची म्हणून. मांजर नाही चालायचं. आणि मी? माझ्यामुळे दोनदा मोडलास. एकदा मी बाहेर गुणगुणत होते म्हणून. मी म्हणाले तुझी ही शिस्त म्हणजे रोग आहे. तू म्हणालास, "हाय की. पर लागट न्हाई, भिऊ नगंस."

लागट होता, मामा. ते पण सांगते पुढे.

आधी ते चिंचेचं सांगू दे, कारण ते आठवलं की अजून जीभ आंबते. आपल्याकडे देवाची भांडी चिंचेनं घासतात, म्हणून तू पुंगळ्या चिंचेच्या पाण्यात भिजवायचास. वर अर्बाबच्या स्वयंपाकघरातली उकळून फेकलेली वाळकी काळी लिंबं टाकायचास. आणि ते कशात, तर घरातल्या एकुलत्या एक चांगल्या स्टीलच्या जगमध्ये! मी मस्कतच्या रुवीहून बसनं आलेली, तहानेनं मेलेली. ओट्यावर तो जग. वरून गार, रंग आमसुलाच्या सारासारखा. मी ओतून घेतलं आणि मोठा घोट घेतला.

मामा, तो घोट! तोंडात नाणी धरल्यासारखं, त्यात काजळी, त्यात दिवाळीनंतरच्या अंगणाची चव. मी सगळं भिंतीवर फवारलं. आणि तू आलास धावत, आणि मला वाटलं तू हसणार. तू नाही हसलास. मला मानेला धरून मोरीवर नेलंस आणि चूळ भर, अजून भर, अजून भर, गिळलंस का, खरं सांग गिळलंस का, असं ओरडत राहिलास. मला कधी तू ओरडलेला आठवत नाही.   त्यानंतर तू त्यासाठी लाल बादली आणलीस, वेगळी, झाकणाची, आणि तो जग फेकून दिलास. माझ्या जाण्याच्या वेळी मात्र म्हणालास, "डाक्टरीण बाई, लोकांच्या त्वांडात बगती आन् आपल्या त्वांडात काय घालती ते बगत न्हाई."

डाक्टरीण! मी नुसती असिस्टंट, पण तुझ्यासाठी डाक्टरीण.

आता ते लागट. मला दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा पहिले काही दिवस मी वेड्यासारखी गोंधळायचे. डॉक्टर हात पुढे करायचे आणि मी भलतंच काहीतरी ठेवायचे. मी तुला रडत फोन केला तर तू म्हणालास, आधी टेबलावरचं नको ते उचल. बाकी काय सांगितलं नाहीस. मी दुसऱ्या दिवशी तेच केलं. फोन पर्समध्ये, पर्स कपाटात, ट्रे पुसला, नको ते उचललं, आणि जे राहिलं त्याकडे नुसतं बघितलं. हात आपोआप ठिकाणावर आला. अजून रोज करते. माझ्याबरोबरची केरळी सिस्टर म्हणते, 'ऋतुजा का पूजा टाइम हो गया.' करू दे चेष्टा. तुझा रोग मला लागलाय, आणि काल तुझी खोली बघितल्यापासून मला त्याचीच भयंकर किळस येतेय. दोन्ही खरंय. काय करू?

भांडण अर्धं राहिलं आपलं. उन्हाळ्यात तुझ्या छातीत चमक आली होती, मस्कतला दाखवलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जिभेखाली ठेवायची पण दिली, आणि सांगितलं एकटं राहू नका, उष्णतेत बसू नका. आणि तू काय केलंस? गोळ्या घेतल्यास. उष्णतेत बसलास. एकटा बसलास.

"मामा, फोन तरी आत ठेव."

"आत काय नगं."

"सायलेंटवर ठेव!"

"सायलेंटवर बी त्यो हाय ह्ये मला ठावं आसतं की."

"मग निदान आतून कडी लावू नको. फडकं आहे ना बाहेर."

"पोरं हाईत घरात. कडी पायजेच."

"अरे, तुला आत काही झालं तर?"

तू टॉवेल पिळत होतास. पिळून झटकलास, दोरीवर टाकलास, आणि म्हणालास, "पुढच्या जुम्म्याला ये. मासं आणतो, पोटभर खाऊ, मग पोटभर भांडू."

पुढचा जुम्मा म्हणजे शुक्रवार. तोच.

मी निघताना फोन केला. उचलला नाहीस. बसमधून केला, नाही. मला वाटलं फडकं लागलं असणार, तांदळात असेल. बरोबर वाटलं मला. फोन तांदळातच होता. काल मी तो बाहेर काढला तर त्याच्या भोकांत तांदळाची कणी अडकलेली, आणि स्क्रीनवर माझं नाव, माझं नाव, माझं नाव. तो तांदळाचा डबा मी उचलून अंगणात उपडा केला. कबुतरं आली. खाऊ देत.

त्या दिवशी खलफान तुझ्या दारावरून दोनदा गेला, मामा. त्यानं मला स्वतः सांगितलं. नमाजाला जाताना गेला, तेव्हा फडकं होतं. परत आला, तेव्हाही होतं. त्याला वाटलं, आज हवालदाराचा मोठा घाणा दिसतोय. "मैंने चप्पल निकालके हाथ में लिया, बहन," तो म्हणाला, "कि आवाज नहीं हो." तुझ्या दारासमोरून तो अनवाणी, चवड्यांवर, चप्पल हातात घेऊन गेला. आणि दाराच्या पलीकडे तू होतास, दाराला टेकून. तुझा हात कडीपर्यंत पोचला होता.

जेवायला आला नाहीस तेव्हा अर्बाबनं दार फोडायला सांगितलं. फडकं असताना. पहिल्यांदा.

आणि आत टेबल स्वच्छ होतं.

हे मला सहन होत नाहीये. हे लिहिताना माझे दात कडकड वाजतायत, बाजूची बाई बघतेय. टेबल स्वच्छ होतं, मामा! छातीत कळ आली तेव्हा तू दाराकडे नाही गेलास. तू आधी काट्यावरची दारू परत डब्यात ओतलीस. झाकण घट्ट लावलंस. टोप्या त्यांच्या पेटीत, पेटी लोखंडी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बनियनच्या आत गळ्यातल्या दोऱ्यात. एवढं सगळं केलंस. जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात होती आणि शर्ट खुंटीवर, टेबलापासून दोन हातांवर. ती नाही घेतलीस. टेबल आवरलंस आणि मग दाराकडे निघालास. पोचलास पण. फक्त कडी राहिली.

मी त्या दिवशी बसमधून उतरले ती थेट दवाखान्यात गेले, तिथला डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणलं असतं तर. पुढचं वाक्य त्यानं खांद्यांनीच पूर्ण केलं. सगळे डॉक्टर असेच का बोलतात? आणि मग मस्कतला काही दिवस कागद, सह्या, आणि तुझ्या पेटीवर विमानाच्या सामानाचा स्टिकर. चिकटवणारा माणूस शिट्टी वाजवत होता. आई तिकडे गावात ओसरीवर बसून वाट बघतेय आणि इकडे तुला 'कार्गो' म्हणतायत. मी त्या स्टिकरचा एक कोपरा नखानं उकरून टाकला. तेवढंच जमलं, आणि काल तुझं सामान आवरायला परत सूरला आले.

मला तुझा राग येत नाहीये, राग बरा असतो. मला किळस येतेय. त्या शिस्तीची, त्या पुसलेल्या टेबलाची. एका डब्यावर नेम धरायच्या खेळासाठी एवढी निष्ठा! रात्रभर, म्हणजे काल, अर्बाबच्या घरातल्या बायकांबरोबर पडले होते आणि हाच एक प्रश्न फिरत होता. तू आम्हाला निवडलंस की टेबलाला? मला, आईला? की त्या काळ्या भुकटीला?

आता खलफानचं सांगते, म्हणजे तुला हसू येईल आणि मग संताप.

टेबल स्वच्छ होतं, पण खिडकीच्या कट्ट्यावर लाकडी ठोकळ्यात त्या दिवशीची पूर्ण झालेली काडतुसं उभी होती. चकचकीत, देवघरातल्यासारखी. बाकी सगळं आवरलंस, तेवढी राहिली. काल संध्याकाळी खलफाननं ती बघितली आणि त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, हे हवालदारानं हातानं केलेलं शेवटचं. उद्या सकाळी घरातले सगळे पुरुष समुद्रावर जाऊ आणि आकाशात उडवू. त्याचा मान म्हणून.

आकाशात! तुझी! ज्यानं खलफानच्या लग्नात एक सुद्धा काडतूस द्यायला नकार दिला होता, ज्याच्याशी त्यावरून खलफान कित्येक महिने बोलला नव्हता. तू म्हणायचास, वर गेल्याली गोळी देव झेलत न्हाई, कुणाच्या तरी छपरावर उतरतीच. आणि तुझ्या नावानं हा तेच करणार? मला इतकं घाण वाटलं. पोटे काका, समई, कुत्रा, स्टिकर, आणि वर आता ही आतषबाजी. सगळ्यांना तू कसा होतास याच्याशी काही घेणंच नाही.

मी म्हणाले, "नहीं."

"बहन, ये हमारा रिवाज है. इज्जत है उसका."

"उसका रिवाज अलग था. ये घाणा टूटा हुआ है."

त्याला घाणा शब्द माहीत होता. तुझ्यामुळे त्या घरात सगळ्यांना माहितीय. तरी म्हणाला, "लेकिन ये तो पूरा है. देखो, बंद है. ये तो पहले बन गया."

आणि मामा, तेव्हा माझ्या तोंडून तू बोललास. खरंच. मी म्हणाले, त्याला कळ कधी आली ते तुला माहितीय का? टेबल आवरायला उठला तेव्हा? की त्याच्या आधी, हे भरताना? हात तेव्हाच जड झाला असेल. यातल्या कुठल्या काडतुसात त्याचं अर्धं लक्ष छातीकडे होतं, सांग! त्याला स्वतःला पण सांगता आलं नसतं. यातलं एक जरी चुकीचं भरलं असेल आणि उडवताना तुझ्या तोंडाजवळ फुटलं, तर?

मी किंचाळतच होते बहुतेक. अंगणातल्या सायकली थांबल्या.

अर्बाब खाटेवर बसला होता. त्याचं ते जुनं मुंबईचं हिंदी, त्याच्या बापाबरोबर खजूर घेऊन गलबतावरून जायचा तेव्हा शिकलेलं. तो म्हणाला, "खलफान. मैं एक बार खाँसा था. याद है?"

खलफाननं मान हलवली.

"सिर्फ खाँसा. उसने सब खोल दिया. मैं गुस्सा हुआ, बोला, हवालदार, मालिक मैं हूँ. वो बोला, अर्बाब, मालिक तुम, लेकिन गोली तुम्हारे गाल के पास फटेगी, मेरे नहीं." अर्बाब थांबला. मग म्हणाला, "उस दिन बच्चे बाहर थे. दरवाजे के पास. सायकिल लेके. तेरे बच्चे."

बस, एवढंच बोलला.

मी तिथेच खाली बसले, मामा. मला दिसलं. उघडा डबा, काट्यावर दारू, टोप्यांची उघडी पेटी, आणि तू कोसळलास, आणि नंतर दार फोडून सगळं घर आत घुसलं, चप्पल, बूट, पोरं, कुणाच्या तरी हातात पेटती सिगारेट. तुला हे सगळं दिसलं असणार. तेवढ्या कळेत सुद्धा. टेबल नाही निवडलंस तू. दार उघडल्यावर आत कोण कोण येणार, ते आधी बघितलंस.

तरी जिभेखालची गोळी घ्यायची होतीस, मेल्या. दोन हातांवर होती. हे भांडण मी सोडणार नाही.

आज सकाळी अर्बाबनं आणि खलफाननं तो घाणा मोडला. खजुराच्या झाडाखाली, चटई टाकून. अर्बाबच्या बोटांना कंप आहे, तरी गोळ्या त्यानंच एकेक ओढून काढल्या, खलफाननं धरून ठेवलं.  मी लांब बसले. माझा फोन वाजला, पोटे काका, मी उठून तो तुझ्या रिकाम्या तांदळाच्या डब्यात टाकून आले. अर्बाबला खोकला आला. त्यानं हातातलं खाली ठेवलं, उठला, लांब भिंतीपाशी जाऊन खोकला, आणि परत येऊन बसला. तेव्हा मी रडले. कालपासूनचं खरं रडणं तेच.

मग ओहोटीच्या ओल्या वाळूवर ती दारू पातळ रेघेसारखी ओतली. पोरांना घरात ठेवलं होतं. खलफाननं खजुराच्या झावळीचं टोक पेटवून लांबून लावलं. मला वाटत होतं आता धडाम होईल, मी कानात बोटं घातली होती.

काहीच नाही झालं, मामा. नुसतं भस्स. एक पिवळी रेघ पळाली, पांढरा धूर उठला आणि सडक्या अंड्यासारखा वास. शी! किनाऱ्यावरच्या जहाज बांधणाऱ्यांच्या वखारीकडे धूर वाकत वाकत गेला. एकही आवाज नाही. कुणाच्या छपरावर काही उतरलं नाही. खलफान पाण्यात पाय बुडवून उभा होता, त्याची चप्पल परत हातात होती.

तुझं सामान थोडंच होतं. बनियनी, चष्मा, तो टॉवेल. टॉवेल मी धुणार नव्हते, पण शेवटी धुतला, कारण इतका घाण टॉवेल मी आईला नाही पाठवू शकत. खोलीत एसी लावला, सोळावर. पंखा पण लावला, फुल्ल. काटा हलला. हलू दे.

निघताना दार ओढून घेतलं तर कडीला ते लाल फडकं. इतके दिवस कुणीच काढलं नव्हतं. दार फोडलं, सुतार येऊन नवी फळी ठोकून गेला, सगळे आत-बाहेर करून गेले, पण फडक्याला कुणी हात लावला नव्हता. मी गाठ सोडली. तू बांधलेली गाठ, फौजेतली, नखं मोडली माझी.

आणि मग मी दार वाजवलं. आत कोणी नाही माहिती असून. आधी एका बोटानं. मग मुठीनं. मग दोन्ही हातांनी, इतकं की नवी फळी थडथडायला लागली. अंगणात सगळे होते. अर्बाब होता, खलफान होता, पोरं सायकलींवर होती. कुणी मला थांबवलं नाही.